थोरली आणि धाकली नळी

आमच्या घरात बंदुकीच्या नळ्यांनासुद्धा वडीलकी होती. डावी नळी थोरली, उजवी धाकली. हे नामकरण वडिलांचं. संस्थानच्या शिकारीत हाकारे घालताना त्यांनी काहीतरी धाडस केलं, म्हणून ही दुनळी त्यांना बक्षीस मिळाली आणि पिकाच्या राखणीसाठी तिचा परवानाही मिळाला. ते धाडस दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं, म्हणून मी ते इथे सांगत नाही. बंदूक हातात आल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या लक्षात आलं, की डाव्या नळीचा बार लांब पोचतो, उजवीचा तेवढा पोचत नाही. मग जी जास्त कर्तबगार ती थोरली ठरली. आणि थोरली म्हटल्यावर पहिला मान तिचा, हे ओघानंच आलं.

भोर संस्थानातल्या आमच्या हिरडोशीकडे मानाचं काय महत्त्व असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, बेंदराच्या सणाला वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. त्यामुळे आमच्याकडे बार निघायचा तो आधी थोरलीचा, आणि तो चुकलाच तर धाकलीचा. डुकरांच्या बाबतीत यानं काही अडलं नाही. डुक्कर भाताच्या खाचरात मान खाली घालून खात असायचं, आपण बांधाआड बसून निवांत नेम धरायचा, थोरली एका बारात काम करायची. धाकलीला वर्षानुवर्षं फक्त तेलपाणी मिळालं.

वडील गेले तेव्हा मी लहान होतो. बंदूक आणि मी, दोघंही एकदमच दादांच्या गळ्यात पडलो. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्या दोघांत वयाचं अंतर इतकं, की अनोळखी माणूस आम्हाला बापलेक समजायचा आणि दादा ती समजूत कधी दुरुस्त करत नसत. पुढे दादा, मागे मी, असंच माझं सगळं आयुष्य गेलं. नीरेला पाणी असलं की आधी ते उतरायचे, पायानं तळ चाचपायचे आणि मग मला हात करायचे. कचेरीत आधी ते शिरायचे. गवतात आधी त्यांची काठी पडायची. मी शिकावं म्हणून त्यांनी मला भोरला ठेवलं, आणि मी चार बुकं शिकून, शहरी नोकरीला नाक मुरडून परत आलो तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "आलास व्हय? बरं झालं. नाचणी काढाया माणूस कमीच हाय." त्यांच्यावर रागवायची मला फार हौस होती, पण ते संधीच देत नसत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. संस्थानात जंगलाकडे एक नवे अंमलदार आले. तबकड्यांच्या खेळाचा त्यांना नाद होता. चुना आणि डांबराच्या ठिसूळ तबकड्या एका लोखंडी यंत्रातून भिरकावायच्या आणि हवेत असतानाच बंदुकीनं फोडायच्या, असा तो खेळ. खेळ खेळून त्यांचं भागलं असतं तर बरं होतं. पण राखणीच्या बंदुका नुसत्या भिंतीवर शोभेला आहेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. श्रावणात पाटलांकडे हुकूम आला. दसऱ्यानंतर प्रत्येक बंदूकवाल्यानं भोरच्या मैदानात यावं. पाच तबकड्या उडतील, एका तबकडीवर दोन बार मारता येतील. तीन फुटल्या तर बंदूक घरी, नाही तर शिलेखान्यात जमा.

मी पाटलांच्या ओसरीवरच तडकलो. "डुकरं काय उडत येतात का?" असं विचारलं. पाटील म्हणाले, "त्ये तू सायबाला इचार." विचारणार कोण?

बंदूक जाणं म्हणजे काय, ते आम्ही पाहिलेलं होतं. पलीकडच्या वाडीतली बंदूक मोडली, तेव्हा त्या वर्षी तिथली माणसं डबे बडवून, आगट्या पेटवून राखण करत होती. डुकरं पहिले काही दिवस घाबरली, मग डब्यांच्या आवाजाला सरावली. दाणा भरलेली खाचरं त्यांनी लोळून सपाट केली. त्या वाडीच्या बायका पुढे सगळा उन्हाळा कंदमुळं शोधत रानात फिरत होत्या. आमच्या वाडीची सगळी खाचरं त्या एका दुनळीच्या भरवशावर होती.

दादांनी ठरवलं, आधी ही तबकडी काय चीज आहे ते बघून यावं. आम्ही दोघं बंदूक घेऊन भोरला शिलेखान्यात गेलो. शिलेखाना म्हणजे संस्थानची शस्त्रं ठेवायची जागा. तिथले जमादार वडिलांच्या ओळखीचे, पांढऱ्या मिशांचे, अघळपघळ गृहस्थ. त्यांनी मैदानात यंत्र लावलं आणि दादांना दोन तबकड्या उडवून दिल्या. तबकडी यंत्रातून सुटली की जवळच वर उठते आणि बघता बघता लांब जाते. दादांनी पहिलीवर थोरली झाडली, मग धाकली. तबकडी शाबूत जाऊन नदीकाठच्या गवतात पडली. दुसरीचंही तेच. दादांनी तिथे जाऊन ती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

जमादारांनी आम्हाला आत नेलं, बंदूक बिजागरीत उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. मग बंडीच्या खिशातून एक पै काढून धाकलीच्या तोंडात सोडली. ती खुळखुळत गेली आणि मागून त्यांच्या तळहातावर पडली. तीच पै थोरलीच्या तोंडाशी ठेवली, तर ती तिथेच अडून बसली.

"ही तुमची थोरली शेवटच्या चार बोटांत आतून आवळलेली आहे," जमादार म्हणाले. "याला चोक म्हणतात. पाटाचं तोंड आवळलं की पाणी एकधारी लांब जातं, तसे छर्रे एकगठ्ठा जातात. धाकलीला चोक नाही, ती मोकळी. तिचे छर्रे लगेच पसरतात."

त्यांनी भिंतीवरच्या बंदुका काढून दाखवल्या. भाटघरच्या पाण्यावर बदकं मारायची ती लांब नळ्यांची, दोन्ही नळ्या आवळ. झुडपातून भुर्रकन उठणाऱ्या तितरांसाठी होती ती आखूड आणि दोन्हीकडून मोकळी. तबकडीसाठी कुठली चांगली, असं मी विचारलं. "जवळ मोकळी, लांब आवळ," जमादार म्हणाले. "तुमच्या एका बंदुकीत दोन्ही आहेत, पण तुम्ही उलटं चालवता. तबकडी जवळ असते तेव्हा आवळ मारता, लांब गेली की मोकळी. आधी धाकली मारा."

दादा म्हणाले, "ते व्हायाचं न्हाई."

जमादार हसले. वडिलांना ओळखत होते, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग दुसरा उपाय. थोरलीचं तोंड चार बोटं कापून टाकू. तीही मोकळी होईल. पण एकदा कापलं की कापलं. लांबच्या डुकराला मग राम राम." दादांनी विचार करून सांगतो म्हटलं. जमादारांनी निघताना बारीक छर्‍यांची थोडी काडतुसं आमच्या हाती दिली. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो. त्यांनी हसत हसत दादांना रस्ता दाखवला आणि दादांचा शब्दही खाली पडू दिला नाही.

घरी येऊन मी हट्टाला पेटलो. डोळ्यांनी दिसल्याशिवाय दादा ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. वहिनींची एक जुनी कणगी माळ्यावर पडून होती. धान्य ठेवायची बांबूची, शेणानं सारवलेली. ती उसवून मी सपाट पसरली, चुना फासला आणि बांधाला टेकवून उभी केली. वहिनींनी ते पाहिलं आणि पदर खोचून आल्या. "भावजी, माज्या कनगीनं तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "वयनी, कणगीत टाकायला भात ऱ्हावा म्हणूनच हे चाललंय." त्यावर त्या तिथेच बघत उभ्या राहिल्या.

जवळून थोरली झाडली, तर ताटलीएवढ्या जागेत भोकांचा नुसता चिखल झाला. धाकली झाडली, तर सुपाएवढ्या जागेत छर्रे सारखे पसरले. मग बरंच मागे सरून पुन्हा दोन बार काढले. आता थोरलीचं सूप झालं होतं, आणि धाकलीचे छर्रे कणगीभर इतके विरळ, की मधल्या फटींतून तबकडी सुखानं निघून गेली असती. कणगीसमोर आम्ही तिघं उभे होतो. लहान पोराला कळावं इतकं ते स्पष्ट होतं.

दादांनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाले, "थोरली कापून आणू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "दादा, नुसता आधी पुढचा, धाकलीचा चाप ओढायचा, मग मागचा, थोरलीचा. कापायचं कशाला?"

"बा सांगून गेलाय. आदी थोरली. बोलायचं न्हाई."

वहिनींना राहवलं नाही. "म्हंजी थोरलीचा मान राखाया थोरलीचंच नाक कापायचं? आन् पुढल्या साली डुकरं पल्याडच्या बांधावर आली, मंग? त्यास्नी म्हणायचं, बाबानु, वाईच जवळ या?" दादा वळून गोठ्याकडे गेले. मी रागानं लाल झालो होतो, पण त्या वेळी एक गोष्ट मला दिसली आणि राग उतरला. दादांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, भीती होती. वडिलांनी त्यांच्या स्वाधीन केलेल्या वस्तू दोनच, बंदूक आणि मी. त्यांतली एक हातची चालली होती. निदान सांगितलेली रीत तरी मोडू नये, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं.

भाद्रपदात हिरड्याची पोती भोरला न्यायची होती. त्याच गाडीत घोंगडीत गुंडाळून बंदूकही ठेवली, जमादारांकडून नळी कापून आणायला. वहिनी बाजारासाठी म्हणून बरोबर निघाल्या. बाजार हे निमित्त होतं, त्यांचं सगळं लक्ष घोंगडीवर होतं.

आमच्या वाडीतून सडकेला लागायचं, तर ओढा उतरून एक खडी चढण चढावी लागते. भरलेली गाडी एका जोडीला ओढत नाही. म्हणून आमची तरणी खोंडं दादांनी दावणीहून बरोबर घेतली होती. चढणीच्या तळाशी गाडी थांबवून ते मला म्हणाले, "खोंडं पुढं जुप. थोरले धुरेला राहू दे." यात नवं काहीच नव्हतं. धुरेला, म्हणजे गाडीच्या जवळच्या जुवाला, जाणता आणि ताकदीचा बैल लागतो. पुढच्या जोडीनं उसळी घ्यायची. तिनं पाय सोडला, घसरली, की सगळा भार धुरेवर येतो आणि थोरला बैल गाडी धरून ठेवतो. पोरवयाची जनावरं धुरेला जुपणारा माणूस आमच्याकडे शहाणा समजत नाहीत.

गाडी चढू लागली. अर्ध्यावर खोंडं बिचकली आणि पाय आखडून उभी राहिली. गाडी मागे रेलली. थोरल्या जोडीनं गुडघे टेकल्यासारखे पाय रोवले आणि चाक जागेवर थांबवलं. दादांनी हाकारा केला, खोंडांनी पुन्हा उचल खाल्ली, आणि आम्ही सडकेला लागलो. मी चाकाला लावायचा धोंडा हातात धरून धापा टाकत होतो. वहिनी मागून शांतपणे चालत आल्या. त्यांनी थोरल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "पोरं पुढं जुपली, आन् ह्यो बापडा मागं. गेला म्हणायचा ह्येचा मान!"

दादांनी खोंडं सोडून गाडीमागे बांधली. गाडी भोरच्या वाटेला लागली. शिलेखान्याच्या दाराशी त्यांनी घोंगडी सोडली, बंदूक काढली, जमादारांना रामराम घातला आणि म्हणाले, "जमादार, कापायची न्हाई. बारीक छर्‍याची आनकी वाईच काडतुसं द्या." वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी बाजारातून त्यांनी मला रेवड्या घेऊन दिल्या, मी काय एवढासा पोर होतो असं समजून.

मग आमचा सराव सुरू झाला. तबकड्या कुठून आणणार? कुंभाराकडून पातळ पणत्या आणल्या आणि वहिनींनी त्या गोफणीनं भिरकावायला घेतल्या. माहेरी त्यांनी शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं राखली होती, त्यांच्या गोफणीपुढे ते लोखंडी यंत्र काहीच नव्हतं. एक पणती तर सरळ पाटलांच्या परड्यात गेली. दादा आणि मी आळीपाळीनं बार काढत होतो. आधी धाकली, मग थोरली. दादांचा हात जड होता. बसल्या डुकरावर नेम धरायची आयुष्यभराची सवय, उडत्या वस्तूबरोबर नळी फिरवणं त्यांना जमेना. माझं बरं चाललं होतं. पण मैदानात दादा उभे राहणार, यात मला शंका नव्हती. परवाना त्यांच्या नावाचा, घर त्यांचं, पहिला मान त्यांचा.

दसरा झाला. मैदान माणसांनी भरलं होतं. अंमलदार खुर्चीवर बसले होते, जमादार यंत्राशी. आमच्या आधीच्या दोघांच्या बंदुका जमा झाल्या होत्या. त्यांतला एक माणूस खाली बसून नुसता जमिनीकडे बघत होता. दादांच्या नावाचा पुकारा झाला. दादा पुढे झाले आणि अंमलदारांना म्हणाले, "सायेब, माजा भाऊ मारील."

अंमलदार म्हणाले, "घरातला कोणीही चालेल. पण मग परवाना त्याच्या नावाने होईल. तुमचं नाव जाईल."

"जाऊ द्या."

मी दादांचा हात धरला. "दादा, असं नको. बाच्या माघारी बंदूक तुमची हाय." ते म्हणाले, "तू हो पुढं. म्या हाय मागं." आणि बंदूक माझ्या हातात देऊन ते खरोखरच माझ्या पाठीशी जाऊन उभे राहिले. असं आधी कधी घडलं नव्हतं. मी पुढे आणि दादा मागे.

पहिली तबकडी सुटली आणि माझं बोट आपोआप मागच्या चापावर गेलं. जन्मभराची रीत. थोरली वाजली, तबकडी गेली. मागून दादांचा आवाज आला, हळूच, "धाकली." दुसरीला मी पुढचा चाप ओढला आणि डोळ्यांसमोर काळी धूळ उडाली. तिसरीवर धाकली चुकली. तबकडी लांब गेली, मी नळी फिरवत राहिलो, थोरलीचा बार काढला आणि ती नदीवर फुटली. चौथीनं वाऱ्यात गोता खाल्ला आणि दोन्ही बार वाया गेले.

दोन फुटल्या होत्या आणि एकच राहिली होती. पलीकडे वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. मला खाचरं दिसत होती, दाणा भरलेली. मागे दादांचा श्वास ऐकू येत होता, नेहमीसारखा संथ. नळ्या भरताना मला वाटलं, धाकली चुकली तर थोरली आहे. ती मागे भरून उभी आहे. मी निवांत बंदूक खांद्याला लावली.

"सोडा," मी म्हणालो. तबकडी वर उठली आणि धाकलीनंच तिचा चुरा केला.

थोरलीची गरज लागली नाही. लोक म्हणाले, धाकल्या नळीनं घर राखलं. अंमलदारांनीही पाठ थोपटली. पण मला आतून पक्कं ठाऊक होतं, थोरली रिकामी असती तर माझा हात ठरला नसता. तिनं बार न काढता तबकडी फोडली होती. मी वळून दादांच्या पायाशी वाकलो. ते ओशाळून म्हणाले, "आरं, लोकं बगत्यात." आणि मग त्यांनीच बंडीच्या बाहीनं डोळे पुसले. बंदूक घरी आली, त्या वर्षीचं भात घरी आलं, आणि वहिनींनी मला नवी कणगी विणून घ्यायला लावली.

पुढल्या खंडेनवमीला शस्त्रपूजा होती. परवाना आता माझ्या नावाचा, म्हणून हळदकुंकवाचं तबक मी घेतलं. माझं बोट धाकलीकडे वळलं तशी दादांनी माझं मनगट धरलं. "हितं आदी थोरली," ते म्हणाले. "कामाला धाकली पुढं. पुजेला न्हाई." मी मुकाट्यानं थोरलीला आधी कुंकू लावलं. वहिनी चुलीपाशी हसत होत्या.

त्यानंतर रानात जाताना मी पुढे असायचो आणि दादा मागे, काठी टेकत. मी गवतात निर्धास्त पाय टाकायचो. मागे कोणी आहे म्हणून माणसाला केवढं बळ येतं, ते मला त्यांनी शिकवलं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी स्वतःचं नाव सोडलं. त्या ऋणाची फेड होत नाही आणि मला ती करायचीही नाही. मला त्यांचा धाकटा म्हणूनच राहायचं आहे.

दादा गेल्यावर पहिल्यांदा राखणीला निघालो, तेव्हा तिन्हीसांज होत होती. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. तरी बांधाशी आल्यावर मी थांबलो आणि मागे वळून पाहिलं.